सोड्याची डबी

तानाबाईनं ग्लास ओठाला लावला, एक घोट घेतला आणि ग्लास ट्रेमध्ये परत ठेवून दिला.

"हे पाणी कुठचं जी?"

"मारेगावहून आणलं, कॅनचं!" घरधनी रामराव छाती फुगवून म्हणाले. "पाहुण्याइसाठी खास."

घ्या! स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईनं, कपाळावर हात मारून घेतला. कॅन आणायची अक्कल तिचीच. तिचा मुलगा अमर सकाळपासून सांगून थकला होता, "आई, विहिरीचंच पाणी दे." पण ऐकेल तर ती धुरपताबाई कसली.

तानाबाई म्हणजे मुलीची, सुरभीची आत्या. ती आणि तिचा भाऊ, म्हणजे मुलीचे वडील वामनराव, आर्णीकडून घर पाहायला आले होते. अमर आणि सुरभी एकमेकांना कधीचेच पसंत होते. घोडं अडलं होतं ते गावापाशी. या गावाला पंचक्रोशीत नावच पडलं होतं, 'डाळ न शिजणारं गाव'. बोअरचं पाणी इतकं जड, की तुरीची डाळ सकाळी चुलीवर ठेवावी आणि दुपारी पाहावं तर दाणा आपला ताठ. हंड्यांना पांढरे थर, घरोघरी मुतखडा. अमरची आधीची स्थळं याच पाण्यानं मोडली होती. म्हणून तर वामनरावांनी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं, "चहा घेऊ. पण जुळल्याबिगर जेवत नाही आम्ही."

"म्हंजे पाणी अजून इकतच घ्या लागते," तानाबाई भावाकडे पाहून म्हणाली. "पाहुण्याले कॅन. अन् आपल्या पोरीले?"

"नाही जी आत्या," अमर पुढे सरकला. "नाल्याकाठची जुनी विहीर आम्ही गाळ काढून मोकळी केली. नाला खोल केला, बांध घातले. पावसाचं पाणी आता पळून नाही जात, जमिनीत मुरते अन् विहिरीत येते. फवारणीचे पंपबी नाल्यात धुऊ देत नाही कोणाले. दोन वर्षांपासून सारं गाव तेच पाणी पिऊन राह्यलं."

"मंग आमाले काहून नाही देल्लं?"

अमरनं आईकडे पाहिलं. आईनं जमिनीकडे. काय सांगणार? पाहुणा दारात आला की पाण्याची लाज वाटायची, यातच तिचा जन्म गेला होता. विहिरीतला गाळ काढला गावानं, पण मनातला कोण काढणार!

तानाबाई उठली. पदराची गाठ सोडली, तर आतून मूठभर तुरीची डाळ निघाली.

"आमच्या वावरातली हाय. घर पाह्याले गेलो का संग नेतोच मी. माणूस थापा मारते, डाळ नाही मारत. आणा तुमच्या विहिरीचं पाणी."

"कुकर लावतो," धुरपताबाई घाईघाईनं म्हणाली.

"कुकर नोको. कुकरात गोटाबी शिजते."

गॅसवर पातेलं चढलं. डाळ उकळायला लागली तशी तानाबाई म्हणाली, "तवरक गोठा पाहून येतो," आणि रामराव-अमरला घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली.

धुरपताबाई एकटी उरली आणि तिचा हात आपसूक फळीवर गेला. सोड्याच्या डबीवर. या गावातल्या बायकांचा हात असाच जातो. डाळ टाकली की चिमूटभर खायचा सोडा, त्याशिवाय वरण होतच नाही. सासूनं शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. विहिरीचं पाणी घरात आलं, तरी ती चिमूट काही सुटली नव्हती. म्हणजे सोड्याशिवाय डाळ शिजते की नाही, हे धुरपताबाईला खरंच माहीत नव्हतं!

तिनं झाकण उघडलं. पातेल्यात डोकावली. डाळ वर-खाली होत होती, फुटायचं नाव नाही. एक चिमूट. कोणाला कळणार होतं? पोराचं लग्न त्या चिमटीत अडकलं होतं.

मग तिला अमरचे हात आठवले. गाळ उपसताना सोलून निघालेले, रात्री तिनंच हळद लावलेले. उभा उन्हाळा पोरगं त्या विहिरीत होतं. त्याच्या विहिरीवर त्याच्या आईचाच भरवसा नाही, तर त्या आर्णीच्या बाईनं कायले ठेवावा?

"होऊ दे काय व्हायचं ते," ती पुटपुटली आणि तिनं डबीचं झाकण लावलं.

बराच वेळ ती तशीच रटरटत्या पातेल्यापाशी उभी होती, तोच मागचं दार वाजलं. डबी हातातच राहिली.

तानाबाईनं आधी डबी पाहिली, मग तिचं तोंड.

"टाकला?"

"नाही." धुरपताबाई म्हणाली. "अमरची आन. उघडली होती डबी. पन टाकला नाही."

तानाबाईनं गॅस बारीक केला, डाव घातला, चार दाणे तळहातावर घेतले. फुंकर मारली. एक दाणा चिमटीत धरून दाबला. तो दबला, पसरला आणि बोटाला पिवळा चिकटून राहिला. तिनं बोट चाटलं. पुन्हा एकदा चाटलं.

"वामन!" तानाबाईनं बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "जेवूनच जाऊ आपन."

मग तिनं धुरपताबाईच्या हातातली डबी काढून घेतली आणि खरकट्या भांड्यांत ठेवून दिली.

"इहीनबाई, हे घासून तिखटामिठाले घ्या आता. आमच्या सुरभीले सोड्याचं वरन नाही चालत."