दाढीचा पण

छप्पन सालच्या गोळीबारानंतर कमलाकांत आणि त्याचा मेहुणा अच्युत यांनी गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत उभं राहून पण केला, की संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय दाढीला वस्तरा लावायचा नाही.

“अहो, नक्की काय झालं म्हणजे झालं म्हणायचं, तेवढं आधी ठरवून ठेवा,” लीला चहा देताना म्हणाली.

“त्यात काय ठरवायचंय? झाला की कळेलच,” कमलाकांत म्हणाला.

चार वर्षं त्याने दाढी खाजवत काढली. कचेरीत साहेबाची बोलणी खाल्ली, सकाळी वर्तमानपत्रात आधी तेवढीच बातमी शोधली आणि ती नसली की घरभर येरझारा घालून लीलाला भंडावून सोडलं.

साठ सालच्या एक मेला उजाडताच त्याने गरम पाणी मागितलं. हात इतके उतावीळ झाले होते की साबणाचा फेस कानात गेला. मुद्दाम गावाहून आलेला अच्युत समोर आरसा धरून उभा होता.

“माझी झाली की लगेच तू बस,” कमलाकांत म्हणाला.

 

“तुम्ही करा, भावोजी,” आरशामागची छातीपर्यंत वाढलेली दाढी हलली, “आमचं बेळगाव अजून बाहेरच आहे.”