हळू चालायची सुट्टी

"बस इथे," मास्तर म्हणाले.

"अहो, आत्ताच तर मागच्या बाकावरून उठले."

"बस म्हटलं ना."

बायको बसली. शेजारची जागा थोपटत म्हणाली, "मग तुम्हीही बसा. मी एकटीच बसले तर लोकांना वाटेल, हिलाच काहीतरी झालंय."

मास्तर नाइलाजाने बसले. अडतीस वर्षं ते शाळेत खेळाचे मास्तर होते. बसलेल्या पोरांना उठवणं हाच त्यांचा धंदा. बहात्तराव्या वर्षीही ते पुढे आणि घरातली माणसं मागे रांगेत, अशीच वरात निघायची. पण या परदेशाच्या सहलीत सगळं बायकोच्या चालीने चाललं होतं. संग्रहालयात जुनी घड्याळं तीनशे होती. तासाभरात त्यांनी चाळीस घड्याळं आणि पाच बाकं पाहिली होती.

बायकोने त्यांचं मनगट धरलं. अलीकडे बसली की ती असंच धरायची. आधार वाटत असेल, म्हणून मास्तर हात हलवत नसत.

फेब्रुवारीत लेकीने दोघांच्या तपासण्या एकाच दिवशी करून घेतल्या. रिपोर्ट आणायला मायलेकी गेल्या. मास्तर दवाखान्याची पायरी पुन्हा चढायला तयार नव्हते. परत आल्यावर चहा गाळता गाळता बायको म्हणाली, "माझ्या हृदयाचं जरा आहे म्हणे. चढायचं नाही, पळायचं नाही, जड उचलायचं नाही. गोळी चुकवायची नाही." फाइल तिने आपल्या कपाटात ठेवली. "तुम्ही वाचाल आणि उगाच घाबराल."

मास्तर न वाचताच घाबरले. लेक पाच वर्षं म्हणत होती, उन्हाळ्यात कुठेतरी परदेशी जाऊ या. "तिकडे काय वेगळा सूर्य उगवतो?" म्हणून त्यांनी दरवेळी उडवून लावलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "पासपोर्टला किती दिवस लागतात?"

बायकोने एकच हौस सांगितली. या शहराचा वाढदिवस साजरा होतो, त्याची मिरवणूक तिने एकदा टीव्हीवर पाहिली होती. ती प्रत्यक्ष पाहायची. मास्तरांनी मनाशी ठरवलं, तेवढी तिला धड दाखवायची. मग पुढचं पुढे.

म्हणून ते जिन्यांवर आडवे उभे राहायचे, पिशव्या हिसकावायचे, रात्री दोनदा उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघायचे. गंमत म्हणजे दोन्ही वेळा ती जागीच असायची.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर ती डबीतून दोन गोळ्या काढायची. गुलाबी तिची, पांढरी त्यांची.

"मला कशाला?"

"शक्तीची आहे. एकटीने गोळी घ्यायची म्हणजे अगदीच म्हातारं झाल्यासारखं वाटतं. सोबत म्हणून घ्या."

सोबत म्हणून ते घ्यायचे.

"आजोबा," संग्रहालयातून बाहेर पडताना नात म्हणाली, "काल तू झोपलास ना, तेव्हा आजी बागेत माझ्यामागे पळाली. आणि मला पकडलं पण!"

मास्तर जागच्या जागी थांबले. "पळालीस?"

"थापा मारते कार्टी," बायको म्हणाली.

लेकीने तोंडासमोर नकाशा धरला. "बाबा, चिडू नका हो. आईला त्रास होतो तुम्ही चिडलात की."

मास्तर बाहेर एखादं बाक दिसतंय का ते बघायला लागले.

मिरवणुकीच्या दिवशी लवकर निघायचं म्हणून नाश्ता झालाच नाही. चौक माणसांनी भरला होता. खिडक्याखिडक्यांतून झेंडे, गच्चीवरून उडणारे रंगीत कागद. मास्तरांनी कॉफीच्या दुकानातून खाणाखुणा करून दोन खुर्च्या मिळवल्या आणि बायकोला पहिल्या रांगेत बसवलं. स्वतः तिच्यामागे उभे राहिले. सकाळपासून त्यांच्याच छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटत होतं. तिची काळजी, दुसरं काय!

"तुमची खुर्ची रिकामी आहे," बायको मागे न बघता म्हणाली.

"असू दे. मिरवणूक बघ तू."

बँड वाजायला लागला. बायकोने पिशवीत हात घातला आणि तो ओला बाहेर आला. नातीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण निघालं होतं. डबीत गुलाबी आणि पांढऱ्याचा मिळून एकच लगदा.

बायकोचा चेहरा पडला. "सकाळची राहिलीय," ती पुटपुटली.

"मग त्यात काय! मी आणतो." तिची फाइल पिशवीच्या मागच्या कप्प्यात असायची, हे मास्तरांना माहीत होतं. त्यांनी चेन ओढून वरचा कागद काढला.

"अहो, द्या तो इकडे! तुम्ही नका जाऊ..."

पुढचं बँडमध्ये बुडालं. मास्तर निघाले होते. चार महिन्यांत पहिल्यांदा ते पळत होते. चौक ओलांडून, चढाच्या गल्लीतून, हिरवा दिवा लावलेल्या औषधांच्या दुकानापर्यंत. पायऱ्यांशी दोनदा थांबावं लागलं. उन्हाने असेल.

पांढऱ्या कोटातल्या बाईने कागद वाचला. मग मास्तरांकडे पाहिलं. पुन्हा कागद वाचला. ती घाईने काउंटरच्या बाहेर आली, एक स्टूल ओढलं आणि त्यांना खांद्याला धरून त्यावर बसवलं.

"मला नाही हो!" मास्तर धापा टाकत म्हणाले. भाषा कळणार नव्हती म्हणून बाहेर बोट दाखवलं. "ती. माझी बायको."

बायको खरंच येत होती. कोपराने गर्दी सारत, पळत. दुकानाच्या सहा पायऱ्या तिने तीन ढांगांत चढल्या. तिला धापसुद्धा लागली नव्हती.

आत येताच तिने मास्तरांचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघायला लागली.

बाईने कागद मास्तरांच्या डोळ्यांसमोर धरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मास्तरांनी मोकळ्या हाताने खिशातला चष्मा काढून लावला.

वय बहात्तर. पुरुष.