खंडेनवमीचा चाकू

चाकू तिसऱ्यांदा बोटावर मिटला, तेव्हा यतिनने तो जेवणाच्या टेबलावर आपटला. वाटीतली आमटी हिंदकळून सांडली.

“नवाकोरा चाकू आणि लॉक धरत नाही! बोट तुटलं असतं तर?”

“परत पाठवून दे ना,” त्याची बायको मयूरा म्हणाली. “मी रिटर्नचं लेबल प्रिंट करून ठेवलंय.”

“तुला कोणी सांगितलं होतं?”

मयूरा आमटी पुसू लागली. चौदा वर्षांच्या रुचाने ताट उचललं आणि “आय अ‍ॅम डन, बाबा,” म्हणत खोलीचं दार लावून घेतलं. घरात ती सदानकदा कानाला हेडफोन लावून असायची.

तसं पाहिलं तर यतिनचं काय चुकत होतं? ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहराच्या आसपासच्या शेतांवर पंप दुरुस्त करत फिरणारा माणूस तो. दिवसातून दहा वेळा रबरी पाइप नाहीतर दोर कापावा लागतो. पन्नास रिव्ह्यू वाचून त्याने हा घडीचा चाकू ऑनलाइन मागवला होता. पातं उघडलं की आतली स्टीलची पट्टी सरकून त्याच्या मागे टेकली पाहिजे, म्हणजे ते मिटत नाही. ह्या चाकूची पट्टी अर्ध्यातच अडकायची.

कंपनीला मेसेज केला तर उत्तर आलं, “नो वरीज, मेट!” यतिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना कशाला वरी असेल? बोटं काय ह्यांची आहेत? त्याने फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला असं काही झाडलं, की तिने शेवटी फोनच ठेवून दिला.

“ऐकून घ्यायची तयारीच नसते हल्ली कोणाची,” तो मयूराला म्हणाला.

मयूरा गप्प राहिली. म्हणजे तिला पटलं असणार.

पैसे परत घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. वस्तू आपली आहे, ती आपल्या हाताखाली सरळ झालीच पाहिजे, हा त्याचा खाक्या. त्यात मयूराने मंगळवारी एक गोष्ट सुचवली आणि त्याला चेवच आला.

“ह्या वर्षी खंडेनवमी नीट करू या का? घरातली सगळी शस्त्रं, अवजारं पाटावर मांडून?”

यतिन बघतच राहिला. ऑस्ट्रेलियात आल्यापासून हिने सणावारांचं नाव म्हणून काढलं नव्हतं.

“इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं बोललीस. आमच्याकडे व्हायची दरवर्षी. आई कोणाला साधी कात्रीसुद्धा उचलू द्यायची नाही त्या दिवशी.”

“तू पाळशील?”

“पाळशील म्हणजे? पाळायचंच असतं ते! आणि हा चाकू पाटावर मधोमध ठेवणार. दुरुस्त करून. कंपनीच्या नाकावर टिच्चून!”

गुरुवारी त्याने गॅरेजमध्ये चाकू खोलला. मयूराला टॉर्च धरायला उभं केलं. पहिलाच स्क्रू हलेना. त्याने कंपनीचा, कारखान्याचा आणि स्क्रू बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“नीट धर! उजेड कुठे पाडतेस? एवढंसं काम धड करता येत नाही?”

स्क्रू निघाला, पातं सुटलं आणि यतिन ओरडलाच.

“बघ! बघ गाढवपणा! दोन्ही वॉशर एकाच बाजूला घातलेत. पातं तिरकं बसणार नाही तर काय होणार?”

त्याने पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर घातला. पट्टीची कड पॉलिशपेपरने घासली, पकडीने ती केसभर वाकवली आणि सगळं पुन्हा आवळलं. अंगठ्याने पातं उघडलं. खट्! पात्याची पाठ त्याने टेबलाच्या कडेवर दाबून पाहिली. मिटलं नाही.

चार दिवसांत तो पहिल्यांदा हसला. मयूराच्या तोंडासमोर चाकू धरून त्याने उघडमीट केली. खट्. खट्. खट्.

“दचकतेस काय? लॉक पक्कं झालंय आता.”

नवमीला त्याने सुट्टीच टाकली. अंघोळ करून बाहेर येतो तो मयूराने पाट मांडून रांगोळी काढलेली. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, विळी, कात्र्या, त्याचे स्क्रूड्रायव्हर आणि पाने ओळीने लावलेले. बायकोचं त्याला खरोखर कौतुक वाटलं.

“शेडमधली कुऱ्हाड?” तिने विचारलं.

त्याने कुऱ्हाड आणली.

“आणि गाडीत तुझ्या सीटखाली असतो तो कोयता?”

“बरीच माहिती आहे की तुला!” तो हसत हसत जाऊन कोयता घेऊन आला. मग खिशातून चाकू काढला आणि ऐटीत मधोमध ठेवला.

मयूराने एकेका वस्तूला हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. यतिनने मनापासून हात जोडले.

“आता उद्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही,” तो म्हणाला.

“नक्की ना?”

“अगं, नक्की म्हणजे काय! शस्त्रं झोपलीत आज.”

रुचा दाराशी पाठीला बॅग लावून उभी होती. शाळेला सुट्टी असताना बॅग कशाला, असं तो विचारणार तेवढ्यात बेल वाजली. दार मयूराने उघडलं. बाहेर दोन पोलीस होते, एक पुरुष आणि एक बाई.

बाईने यतिनकडे पाहिलंही नाही. घरात शस्त्रं कुठे आहेत, असं तिने मयूराला इंग्रजीत विचारलं.

मयूराने इंग्रजीतच, न अडखळता उत्तर दिलं. “सगळी त्या पाटावर आहेत. आज तो त्यांना हात लावणार नाही, म्हणूनच तर तुम्हाला आजचा दिवस सांगितला.”