'आर'चं पान

रेनातोने दारातच आत्मारामांचा उजवा हात उचलला आणि वाकून स्वतःच्या कपाळाला टेकवला.

"ताप नाही," आत्माराम म्हणाले.

"बाबा, तो त्यांच्याकडचा नमस्कार आहे," मैथिली म्हणाली.

आत्माराम पुण्याहून जर्मनीत कार्ल्सरूहेला एवढ्यासाठीच आले होते. मुलीने परस्पर निवडलेला हा फिलिपिनो नर्स जावई म्हणून चालेल की नाही, ते सांगायला. पद्धत ठरलेली होती. आडनाव विचारायचं. त्यावरून ते समोरच्याचं गाव, कुलदैवत आणि घरच्या आमटीत गूळ पडतो की नाही, एवढं सांगायचे. चाळीस वर्षांत दोनदाच चुकले होते, आणि दोन्ही वेळा चूक त्या माणसाची होती.

पानावर बसल्या बसल्या त्यांनी इंग्रजीत विचारलं, "आडनाव?"

"राबानो. स्पॅनिशमध्ये मुळा."

आत्मारामांचा चेहरा उजळला. "म्हणजे घराणं शेतकऱ्याचं!"

"नाही काका. मासेमारी."

मैथिलीने डोळे मिटले.

पेशंटला इंजेक्शन समजावून सांगावं तसं रेनातो शांतपणे सांगू लागला. "आमच्याकडे बऱ्याच जणांना आडनावंच नव्हती. स्पॅनिश सरकारला माणसं मोजता येईनात. मग १८४९ साली गव्हर्नरने आडनावांची यादी काढली आणि गावोगाव पानं वाटली. आमच्या गावाला 'आर'चं पान आलं. खापरपणजोबा त्या दिवशी समुद्रावर होते. परत येईपर्यंत बरी नावं संपली होती."

"अख्खं गाव 'आर'?"

"गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. इथल्या हॉस्पिटलात आमच्या गावच्या सहा जणी आहेत. सगळ्यांचे लॉकर एका रांगेत."

आत्मारामांचा घास हातातच राहिला. "आणि कुणी चिडलं नाही?"

"चिडले ना. नंतर बंड झालं. तीनशे तेहेतीस वर्षं राहून स्पॅनिश गेले." रेनातोने लोणचं घेतलं. "मुळा आम्ही ठेवला. तोवर तो आमचा झाला होता."

"कमाल माणसं आहेत," आत्माराम मराठीत पुटपुटले. मग त्यांच्या लक्षात खरी अडचण आली. "पण म्हणजे तुमच्याकडे आडनावावरून काहीच कळत नाही?"

"काहीच नाही."

"मग माणूस ओळखायचा कसा?"

रेनातोने विचार केला. प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"बघून," तो म्हणाला.

आत्मारामांनी डाव्या हाताने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. मैथिलीच्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यावर तसाच थांबला होता.

"नाक थेट तुझ्या देवदत्तमामाचं आहे," ते शेवटी तिला म्हणाले. "बघतेस काय? वाढ त्याला."