मण्यांचा अंतरपाट

"डेकोरेटर कशाला? मी काय मेलेय?" म्हणत शालनमावशीने भाचीच्या लग्नाची सजावट अंगावर घेतली. तिची कागदी तोरणं सकाळीच मान टाकून बसली, पण खरी भिस्त अंतरपाटावर होती. स्वतःच्या जुन्या शालूवर तिने इतके आरसे आणि मणी टाचले होते की तो धरून नवरीच्या मामांचे हात भरून आले.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला सरकला आणि त्याच्यामागोमाग नवरदेवही निघाला! त्याच्या मुंडावळ्या मावशीच्या मण्यांत अडकल्या होत्या.

मांडवात हशा पिकला. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं म्हणत मावशी कात्री घेऊन धावली. पण भाची आधीच चवड्यांवर उभी राहून नवऱ्याच्या कपाळाजवळचा एकेक मणी सोडवत होती. लग्न ठरल्यापासून घरच्यांच्या घोळक्यात दोघांना धड बोलताही आलं नव्हतं.

"फार ओढलं का?" तिने विचारलं.

"नाही. सावकाश सोडव," तो पुटपुटला. "काही घाई नाही."

मावशीने कात्री गुपचूप कमरेला खोचली आणि मामांवर खेकसली, "हलू नका रे! मी मुद्दामच तसं शिवलंय!"