टेकडीवरची रेंज

"एक फोन अजून बाहेरच आहे," लॅपटॉपकडे बघत वर्षा म्हणाली.

"आमच्या बुढ्याचाच असन," मानीबाईने तव्यावरची भाकर उलटली.

वर्षा यवतमाळहून आली होती. झरी जामणीच्या जंगलातल्या या तांड्यात तिच्या कंपनीने शाळेच्या छतावर एक पेटी बसवली होती. पेटीत मिडलवेअर होतं, म्हणजे फोन आणि नेटवर्क यांच्या मधला सॉफ्टवेअरचा थर. रेंज गेली की तो निरोप धरून ठेवायचा आणि मिळेल त्या वाटेने पुढे पाठवायचा. मानीबाईची लेक बबिता ढाणकीला बाळंत झाली होती. तिच्या बाळाचं रडणं आता फोनवरून इथे चुलीपाशी ऐकू येत होतं.

अट एकच होती. तांड्यातले सगळे स्मार्टफोन पेटीमार्फत बोलले तरच पेटी इथे राहणार. नाहीतर उद्या दुसऱ्या गावी जाणार.

"घरी आवाज साफ येते, मग लखीरामकाका टेकडीवर काहून जातात?" वर्षाने मानीबाईच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"सुनीलसंग बोलतो म्हणते. पुण्यातल्या पोराले रोज काय सांगत असन, देव जाने. म्या म्हटलं, इथं बसा, मलेबी ऐकू द्या. तर म्हणते, इथं मोकळं वाटत नाही." मानीबाई हसली. "लग्नात नाही लाजला एवढा."

"आणि शेजारचे देवसिंगकाका?"

"त्याच्यापाशी बटनाचा फोन. तो तुह्या हिशोबात नाही. अन् आमच्याबी नाही."

देवसिंग हा लखीरामचा धाकटा भाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, तेव्हा समोरासमोर एकमेकांशी बोलणार नाही अशी शपथ दोघांनी तांड्याच्या प्रमुखासमोर, नायकासमोर घेतली होती. नायकासमोरची शपथ तांड्यात कोणी मोडत नाही.

"तूच जाऊन सांग बुढ्याले," मानीबाई म्हणाली. "पेटी गेली तर नातवाचं रडणं मी कुठं ऐकू? माहं तर तो ऐकून नाही राह्यला."

ऊन उतरल्यावर वर्षा टेकडी चढली. चढताना ती फोनवर रेंज तपासत होती. वरच्या मोठ्या खडकापाशी रेंज आली, आणि थोडं बाजूला झालं की लगेच गेली. तिला गंमत वाटली. सगळ्या टेकडीवर रेंज तेवढ्याच जागी होती.

लखीराम खडकाला पाठ टेकून बसला होता. फोन कानाला. गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, हळू आवाजात बोलत होता. वर्षाच्या घरचीही तीच भाषा.

"गुडघा कसा हाय?" तो विचारत होता. "गोळी घेतली का? तुले सांगितलं होतं, वजन उचलू नको."

पुण्यात सुनील गोदामात काम करतो, हे वर्षाला मानीबाईने सांगितलं होतं. ती थांबली. मधेच बोलणं तिला बरं वाटेना.

"याडीची आठवण येते ना?" लखीराम म्हणाला. याडी म्हणजे आई; तो पोराशी स्वतःच्या आईबद्दल बोलतोय, असं वर्षाला वाटलं. "मलेबी येते रे. तिच्या हातची भाजी तशी कोणालेच जमली नाही."

चेहऱ्यावर केवढं समाधान होतं. पोराशी असं बोलणारा बाप वर्षाने पाहिला नव्हता. काकूंच्या नातवाचं सांगितलं की हा माणूस नाही म्हणणार नाही, अशी तिची खात्री झाली. बोलणं संपेपर्यंत कुठेतरी टेकावं म्हणून ती खडकाला वळसा घालून पलीकडे गेली.

पलीकडे, त्याच खडकाला पाठ टेकून, बटनाचा फोन कानाला लावून देवसिंग बसला होता.

"कोणालेच नाही जमली, भाऊ," तो फोनमध्ये म्हणाला.