हलू नका

कचेरीत कारकून असलेल्या मार्तंडरावांनी सोलापुरातून कॅमेरा आणला आणि फोटोतलं आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, हे आठवड्याभरात अख्ख्या तुळजापूरला ऐकवलं. शिकाऊ हाताला गिऱ्हाईक घरचंच, म्हातारी आई. फोटो धुऊन आले, की प्रत्येकात आईला दोन-दोन नाकं.

"कॅमेरा झकास आहे. तुम्हीच हललात, आई!" मार्तंडराव खेकसायचे.

पुढच्या वेळी त्या बिचाऱ्या श्वास रोखून बसायच्या. तरी नाकं दोनच, आणि बोलणी त्यांनाच.

पौषात आई गेल्या. रीतीप्रमाणं त्यांना हार घालून, भिंतीला टेकवून बसवलं आणि मार्तंडरावांनी शेवटचा फोटो काढला.



तो धुऊन आल्यावर बायकोनं त्यांच्यापुढं धरला. "अहो, सासूबाई ह्यातही हलल्या वाटतं!"